आजोबांच्या डबीतलं हिरवं खनिज टॉर्बर्नाइट आहे का?

कोथरूडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबा झारखंडमधल्या घाटशिलाच्या बाजूला तांब्याच्या खाणीत नोकरीला होते. त्यांच्या सामानात काचेच्या झाकणाची एक डबी निघाली. आत दीड-दोन इंची दगड, त्यावर गर्द हिरव्या, चौकोनी, पातळ चकत्या. सोबतच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने 'टॉर्बर्नाइट' एवढंच लिहिलेलं. एक मित्र म्हणतो, हे आपलं पुण्यातल्या पाषाणचं हिरवं अपोफिलाइट. दुसरा म्हणतो, टॉर्बर्नाइट हे युरेनियमचं खनिज; तसं असतं तर यूव्ही टॉर्चखाली चमकलं असतं. हे चमकत नाही, म्हणजे नाव चुकीचं. ऑनलाइन मागवलेला, किरणोत्सर्ग मोजणारा गायगर मीटर मात्र डबीजवळ नेला की घरातल्या नेहमीच्या आकड्याच्या आठ-दहापट वर जातो. नक्की काय आहे, आणि घरात ठेवावं का?

आधी उत्तर, मग कारणं. हे युरेनियमचं खनिज आहे, याबद्दल तुमच्या वर्णनावरून मला शंका वाटत नाही. टॉर्बर्नाइटच्या गोतावळ्यातलंच असणार. पण चिठ्ठीवरचं नाव आज जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. एव्हाना त्याचं मेटाटॉर्बर्नाइट, म्हणजे थोडं पाणी गमावलेलं रूप, झालेलं असण्याची शक्यता जास्त. आणि ते झ्युनेराइट, म्हणजे हुबेहूब तसंच दिसणारं आर्सेनिकवालं भावंड, नाही, असं प्रयोगशाळेशिवाय कुणी छातीठोकपणे सांगू नये. झोपायच्या खोलीत ठेवू नका, घाबरून कचऱ्यात तर मुळीच टाकू नका, आणि ओळखण्यासाठी म्हणून टोकरू नका. या खनिजाच्या बाबतीत हाताने जितकं कमी कराल तितकं बरं. सुदैवाने नुसत्या डोळ्यांनी आणि मीटरने बरंच काही कळतं.

अपोफिलाइटचा अंदाज काही वेडगळ नाही. पुण्यात कुणी हिरवा, चौकोनी, मोत्यासारख्या चमकेचा स्फटिक दाखवला की माझ्याही तोंडात पहिलं नाव तेच येतं. पाषाणच्या टेकडीवरच्या खाणींतलं हिरवं अपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत गेलं आहे, जसं वाघोलीच्या खडीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट गेलं. शिवाय अपोफिलाइट आणि टॉर्बर्नाइट दोन्ही चतुष्कोणीय प्रणालीतली, दोघांचंही पाटन (ठरावीक पातळीत सरळ फुटणं) तळाला समांतर आणि अगदी स्वच्छ, पाटनाच्या पृष्ठावर दोघांनाही मोतिया चमक. पुस्तकातलं वर्णन शेजारी शेजारी ठेवलं तर गोंधळ व्हायलाच हवा.

समोर ठेवल्यावर मात्र तो राहत नाही. अपोफिलाइटचे स्फटिक जाड, ठोकळ्यासारखे किंवा वर पिरॅमिडचं टोक असलेले असतात, आणि उभ्या बाजूंवर बारीक रेषा दिसतात. हिरवा रंग व्हॅनेडियममुळे आलेला, बहुधा फिका आणि आरपार. टॉर्बर्नाइट असं ठोकळ्यात क्वचितच वाढतं. त्याच्या चकत्या पातळ, एकावर एक, कडेने पाहिलं तर पत्त्यांचा कॅट किंचित विस्कटावा तशा. रंग पाचूचा, दाट; जाड भागात जवळपास काळसर हिरवा. अपोफिलाइटचं विशिष्ट गुरुत्व २.३ ते २.४, टॉर्बर्नाइटचं ३.२ च्या आसपास आणि मेटाटॉर्बर्नाइटचं ३.५ च्या पुढे. पण तुमच्या चकत्या दगडाला चिकटलेल्या असल्याने हा आकडा घरी काढता येणार नाही. कठिनता अपोफिलाइटची साडेचार ते पाच, टॉर्बर्नाइटची दोन ते अडीच, म्हणजे नखाने ओरखडा उठेल इतकी कमी. हे वाचून कुणी नख लावून बघेल म्हणून लगेच सांगतो: लावू नका. नखात अडकलेला कण पोटात जायला वेळ लागत नाही.

त्याहून भरवशाची खूण नमुन्याच्या पाठीवर असते, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. दगड उलटा करा. पुण्याचं अपोफिलाइट बेसाल्टच्या पोकळीत वाढतं. पाठीला काळा-करडा बारीक कणांचा दगड, पोकळीच्या भिंतीला हिरवट अस्तर, शेजारी स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, कॅल्साइट. टॉर्बर्नाइटच्या पाठीला ही मंडळी नसतात. तिथे गंजलेला तपकिरी लोहमिश्रित थर, क्वार्ट्ज, सिंहभूमचा, म्हणजे घाटशिलाच्या पट्ट्यातला, नमुना असेल तर हिरवट क्लोराइटचा पापुद्रे सुटणारा शिस्ट नावाचा दगड, कधी मॅलाकाइटचा पोपटी लेप. दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम दशलक्षात एका भागाहूनही कमी असतं. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कितीतरी पट. युरेनियमच्या ठळक चकत्या बनाव्यात इतका माल आपल्या काळ्या दगडात नाही. उद्या कुणी 'वाघोलीचं टॉर्बर्नाइट' म्हणून काही विकायला आणलं, तर दगड हातात घेण्याआधीच नाही म्हणा.

आजोबा घाटशिलाच्या बाजूला होते, ही माहिती या साऱ्यात फार मोलाची आहे. सिंहभूमच्या त्या पट्ट्यात तांबं आणि युरेनियम एकाच भूपट्ट्यात शेजारी नांदतात. युरेनियमच्या खाणीचं जादूगोडाही तिथलंच, आणि मुसाबनी, सुरदा, राखा या खाणींच्या तांबं काढून उरलेल्या गाळातूनही पुढे युरेनियम काढलं गेलं. टॉर्बर्नाइट म्हणजे तांबं, युरेनियम आणि फॉस्फेट यांचं पाणीदार संयुग. जमिनीजवळ, जिथे तांब्याचं सल्फाइड आणि युरेनिनाइट (युरेनियमचं मूळ ऑक्साइड खनिज) दोन्ही हवा-पाण्याने कुजतात, तिथे पाणी युरेनियम उचलतं, वाटेत तांबं आणि फॉस्फेट भेटलं की भेगांमध्ये या हिरव्या चकत्या बसतात. फॉस्फेटचीही तिथे ददात नाही, ॲपेटाइट भरपूर आहे. ज्या माणसाने अशा जागी नोकरी केली त्याच्या डबीत हे खनिज असणं यात नवल काहीच नाही.

आता टॉर्च. 'युरेनियम म्हणजे हिरवं चमकणार' हा समज ऑट्युनाइटने करून दिला आहे. ऑट्युनाइट टॉर्बर्नाइटचं सख्खं भावंड, फक्त तांब्याच्या जागी कॅल्शियम. रंग लिंबासारखा पिवळा किंवा पोपटी, आणि यूव्हीखाली असं पेटतं की अंधारात डोळे दिपावेत. ही चमक युरेनिल नावाच्या आयनाची, म्हणजे एक युरेनियम आणि दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन अशा सरळ तिकडीची. तोच युरेनिल टॉर्बर्नाइटमध्येही आहे. पण शेजारी बसलेलं तांबं त्याने घेतलेली ऊर्जा प्रकाश बाहेर पडायच्या आत काढून घेतं. म्हणून टॉर्बर्नाइट यूव्हीखाली मुकं, फार तर अगदी मंद. गर्द हिरवं, चौकोनी, मीटर वाजवणारं आणि तरीही न चमकणारं, हे वर्णन टॉर्बर्नाइटच्या विरोधात नाही. बाजूनेच आहे.

टॉर्च कोणता, हेही पाहा. नोटा तपासायला मिळतात ते स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरचे. त्यांचा जांभळा उजेडच इतका सांडतो की खरी चमक त्यात बुडून जाते. ३६५ नॅनोमीटरचा, पुढे काळी फिल्टर काच असलेला टॉर्च घ्या आणि खोली पूर्ण अंधारी करा. मग चकत्यांच्या कडांना किंवा मधल्या भागाला पिवळट-हिरवी किनार दिसली, तर तिथे ऑट्युनाइट मिसळलेलं आहे असं समजा. ही दोन खनिजं एकाच स्फटिकात एकमेकांना लागून वाढलेली सापडतात. उलट बाजूही लक्षात असू द्या. हायलाइट नावाचं काचेसारखं ओपल युरेनिलच्या अतिसूक्ष्म अंशाने झगझगीत हिरवं चमकतं आणि मीटरवर ढिम्म काही दिसत नाही. चमक ही युरेनिलची खूण आहे; तो किती आहे, हे ती सांगत नाही.

मीटरकडे वळू. तुमच्या मीटरवर 'मायक्रोसिव्हर्ट प्रति तास' असा आकडा येत असेल. तो या कामासाठी विसरा. ते मीटर सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांवर जुळवलेले असतात, आणि तुमच्या दगडातून नळीत घुसतात ते मुख्यतः बीटा कण. मीटर बीटालाही गॅमा समजून हिशोब मांडतो आणि भलताच मोठा डोस दाखवतो. फक्त मिनिटाला किती ठोके, तेवढं वाचा. अपोफिलाइटमध्येही पोटॅशियम असतं, मग त्याचा किरणोत्सर्ग असू शकत नाही का, असा हुशार प्रश्न कुणी विचारेल. असतो, पण पोटॅशियम वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातलं किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० तर दहा हजारांत एकाच्या जवळपास. दोन इंची तुकड्याने मीटर आठ-दहापट उडणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

एक साधी तपासणी घरी करण्यासारखी आहे. मीटर एका जागी पक्का ठेवा, नमुना बंद डबीतून न काढता समोर ठेवा, अंतर बदलू देऊ नका. आधी तसेच ठोके मोजा, मग मध्ये सेंटीमीटरभर जाडीचं ॲक्रिलिक धरून मोजा. प्रत्येक वेळी पाचेक मिनिटं द्या. आकडा धाडकन खाली आला, तर गेलेला भाग बीटाचा. युरेनियम-२३८ चा क्षय होताना पायरीपायरीने वेगळी मूलद्रव्यं बनत जातात; या साखळीत दोन पायऱ्या खाली प्रोटॅक्टिनियम-२३४ असतं, जोरदार बीटा त्याचे. ॲक्रिलिकमागेही जो आकडा उरतो तो गॅमाचा, आणि तो मुख्यतः रेडियमच्या पुढच्या पिढीतल्या शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांचा. अल्फा कण काचेच्या नळीच्या मीटरला दिसतच नाहीत, त्यामुळे कागद धरून बघण्यात वेळ घालवू नका. आणि गायगर मीटर युरेनियम की थोरियम हे सांगू शकत नाही, त्याला फक्त ठोके कळतात. ते काम गॅमा स्पेक्ट्रोमीटरचं: ६०९ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला शिखर आलं की बिस्मथ-२१४, म्हणजे युरेनियमची साखळी, २६१४ ला आलं की थॅलियम-२०८, म्हणजे थोरियमची.

उरलेल्या गॅमाच्या आकड्यात एक गंमत आहे, आणि तिच्यामुळे विज्ञानाचा इतिहास घडला आहे. १८९८ साली मारी क्यूरी एकेक खनिज विद्युतमापकावर तपासत होत्या. टॉर्बर्नाइटला तेव्हा चाल्कोलाइट म्हणत. हे नैसर्गिक चाल्कोलाइट शुद्ध युरेनियमच्या दुपटीने सक्रिय निघालं. त्यात युरेनियम तर निम्मंच. मग दुप्पट कसं? त्यांनी प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून तेच संयुग बनवलं. ते बनवलेलं चाल्कोलाइट युरेनियमपेक्षा अडीचपट कमी सक्रिय भरलं, म्हणजे जेवढं असायला हवं तेवढंच. रासायनिक घडण एकच, स्फटिकाची रचना तीच, तरी जमिनीतल्या नमुन्यात काहीतरी जास्तीचं होतं. त्याच वर्षी जुलैत पोलोनियम जाहीर झालं आणि डिसेंबरात रेडियम. ज्यातून ही मूलद्रव्यं काढली त्या पिचब्लेंडचं, युरेनियमच्या काळ्या खनिजाचं, नाव सगळ्यांना ठाऊक असतं. या हिरव्या चकत्यांनी दिलेली साक्ष मात्र मागे पडली, याचं मला वाईट वाटतं.

याचा तुमच्या डबीशी संबंध असा. पाणी युरेनियम सहज वाहून नेतं, थोरियम नेत नाही. त्यामुळे पाण्यातून नव्याने बसलेल्या टॉर्बर्नाइटमध्ये सुरुवातीला साखळीचा पुढचा भाग नसतो. प्रोटॅक्टिनियमपर्यंतच्या पायऱ्या काही महिन्यांत भरून येतात, कारण मधल्या थोरियम-२३४ चं अर्धायुष्य २४ दिवसांचं. पण रेडियमकडे जाणारी वाट थोरियम-२३० मधून जाते, आणि त्याचं अर्धायुष्य ७५ हजार वर्षांचं. म्हणून भूशास्त्रीय हिशोबाने तरुण नमुना बीटाला जोरात वाजतो आणि गॅमाला लाजतो, तर जुना नमुना दोन्हीकडे वाजतो. ॲक्रिलिकमागचा आकडा कमी आला म्हणून 'यात युरेनियम थोडंच आहे' असा निष्कर्ष काढला की फसगत झालीच. टॉर्बर्नाइटमध्ये वजनाच्या सुमारे ४७ टक्के युरेनियम असतं, गॅमा कितीही असो.

मेटाटॉर्बर्नाइटमध्ये ते ५१ टक्क्यांच्या जवळ जातं. युरेनियम वाढलं म्हणून नव्हे, पाणी उडालं म्हणून. टॉर्बर्नाइटच्या रचनेत युरेनिल-फॉस्फेटचे थर एकावर एक आणि त्यांच्यामध्ये तांबं आणि पाणी. पाण्याचे रेणू १२. त्यातले चार गेले की थर जवळ सरकतात आणि आठ रेणूंचं मेटाटॉर्बर्नाइट होतं. ७५ अंश सेल्सियसच्या आसपास हे झटपट घडतं. कोरड्या हवेत नुसत्या खोलीच्या तापमानालाही, सावकाश. पुण्याचा एप्रिल-मे आठवा: दुपारी हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. त्यात काचेच्या कपाटात हॅलोजनचा दिवा असला की वेगळं काही करावं लागत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली तरी गेलेली रचना परत येत नाही. वर्षानुवर्षं घरात राहिलेल्या नमुन्यावर 'टॉर्बर्नाइट' लिहिलेलं असेल, तर मी मनातल्या मनात आधी 'मेटा' जोडूनच वाचतो.

दहापटी भिंगातून बघा. ताजं टॉर्बर्नाइट आरपार, काचेसारखं आणि चकत्यांच्या कडा धारदार. पाणी गेलेल्या चकत्या धूसर होतात, त्यांच्या पृष्ठावर बारीक भेगांचं जाळं दिसतं, कडेला थर एकमेकांपासून सुटलेले असतात, आणि डबीच्या तळाला हिरवे पापुद्रे पडलेले असतात. हे पापुद्रे दिसले तर डबी हलवणं, झटकणं तिथेच थांबवा. भिंगाने निर्णय मात्र एकाच बाजूने होतो. धूसर असेल तर मेटा म्हणा. पण स्वच्छ असेल म्हणून टॉर्बर्नाइट म्हणता येत नाही, कारण मेटाटॉर्बर्नाइट जमिनीतच थेट, सुंदर आरपार स्फटिकांतही वाढतं.

खरा निवाडा एक्सआरडीचा, म्हणजे स्फटिकातल्या थरांचं अंतर क्ष-किरणांनी मोजणाऱ्या तपासणीचा. इथे तो आश्चर्य वाटावं इतका सोपा आहे, कारण थरांतलं अंतरच बदललेलं असतं: टॉर्बर्नाइटमध्ये सुमारे १०.३ अँगस्ट्रॉम, मेटामध्ये सुमारे ८.६ ते ८.७. तांब्याच्या क्ष-किरण नळीचं यंत्र असेल तर पहिलं मोठं शिखर साडेआठ अंशांजवळ आलं की टॉर्बर्नाइट, दहा अंशांच्या थोडं पुढे आलं की मेटा. दोन्ही आली तर दोन्ही आहेत. पापुद्रा खलात जोर लावून घोटू नका, त्या उष्णतेने आणि दाबाने पाणी जाऊ शकतं. चपटा पापुद्रा नुसता काचेवर आडवा ठेवला तरी ही शिखरं उत्तम येतात. पुण्यात एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संस्थांत ही यंत्रं आहेत. न सांगता युरेनियमचा नमुना कुणाच्या टेबलावर ठेवू नका. आधी फोन करा, ते घेतात का विचारा, आणि नाही म्हणाले तर वाद घालू नका. त्यांच्या खोलीतली धूळ त्यांनाच साफ करायची असते.

एक्सआरडीवर भागतं तिथे झ्युनेराइट आडवं येतं. झ्युनेराइट म्हणजे तीच रचना, फक्त फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक. शोध १८७२ साली सॅक्सनीतल्या श्नीबर्गचा. रंग तोच, चौकोनी चकत्या त्याच, यूव्हीखाली तसंच मुकं, मीटरवर तसंच बोलकं. त्यालाही 'मेटा' भाऊ आहे. थरांचं अंतर इतकं जवळचं की साध्या एक्सआरडीवर दोघांत घोळ होतो. शिवाय फॉस्फरस आणि आर्सेनिक एकाच स्फटिकात वाटेल त्या प्रमाणात मिसळू शकतात. डोळ्यांनी हे वेगळं करता येतं असं म्हणणाऱ्या माणसाकडून मी नमुना घेणार नाही.

त्यासाठी रासायनिक घटकच मोजावे लागतात, आणि तिथे एक खड्डा आहे. भंगारवाले, सराफ वापरतात तशी, क्ष-किरणांनी घटक ओळखणारी हातातली एक्सआरएफ बंदूक लावली की ती पटकन 'आर्सेनिक' दाखवते. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला, शिशाची १०.५५ ला. यंत्राला हा फरक दिसत नाही. युरेनियमच्या दगडात शिसं तर असणारच, थोडं साखळीच्या शेवटी तयार झालेलं, थोडं गॅलेनाच्या रूपाने आलेलं. म्हणून आर्सेनिकची ११.७ ची दुसरी रेषा आणि शिशाची १२.६ ची रेषा, दोन्ही तपासल्याशिवाय झ्युनेराइट हे नाव लिहू नये. आणि हातातल्या बंदुकीला फॉस्फरस हवेतून नीट दिसत नाही, त्यामुळे 'फॉस्फरस आढळला नाही' या ओळीला किंमत शून्य. एसईएमवरची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरची) ईडीएस ही घटक मोजणारी तपासणी हे दोन्ही बरं सांगते. फक्त तिथल्या निर्वातात टॉर्बर्नाइट डोळ्यांदेखत मेटा होतं, म्हणून एक्सआरडी आधी आणि एसईएम नंतर. लेझरच्या विखुरलेल्या उजेडातून रासायनिक गट ओळखणारा रामन वर्णपटही चांगला: फॉस्फेटची पट्टी हजार तरंगांकाजवळ सुटी, ठळक दिसते, आर्सेनेटची मात्र युरेनिलच्या आठशे-साडेआठशेच्या पट्टीत जाऊन मिसळते. हजारजवळ ठसठशीत पट्टी असेल तर मला पुरेसं आहे. तुमचा नमुना खरंच सिंहभूमचा असेल तर, ॲपेटाइटची तिथली रेलचेल पाहता, मी पैज फॉस्फेटवरच लावेन.

जुन्या पुस्तकांत टाकणखाराच्या मण्याची परीक्षा दिलेली असते, सोडियम फ्लोराइडच्या मण्याचीही. युरेनियम असेल तर हा दुसरा मणी यूव्हीखाली पिवळट हिरवा पेटतो. परीक्षा खरी आहे. स्वयंपाकघरातल्या गॅसवर करण्याची नाही.

आता घरात ठेवण्याबद्दल. एवढ्या दगडापासून दोन मीटरवर बसलेल्या माणसाला मिळणारा गॅमा नगण्य असतो; अंतर दुप्पट केलं की तो चौथाई होतो. धोका आहे तो पोटात किंवा फुप्फुसात जाणाऱ्या कणांचा, कारण त्यांचे अल्फा आतून मारा करतात. म्हणून नमुना झाकण घट्ट बसणाऱ्या ॲक्रिलिकच्या डबीत ठेवा, म्हणजे पापुद्रे बाहेर येत नाहीत आणि उरलंसुरलं पाणीही टिकतं. हाताळलाच तर पातळ हातमोजे घालून, खाली ओला टिश्यू पसरून. धुऊ नका, ब्रशने झाडू नका, तोंडाने फुंकर तर नकोच. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा, हवा खेळणाऱ्या आणि उन्हाच्या झळा न लागणाऱ्या जागी ठेवा. बंद कपाट किंवा दिवाणाचा खण नको, कारण रेडियम असेल तिथे रेडॉन वायू सुटतो.

त्या रेडॉनचा एक उपयोग मात्र होतो. डबी काही दिवस बंद ठेवा, मग खिडकीशी उघडा आणि झाकणाची आतली बाजू टिश्यूने पुसून तो टिश्यू नमुन्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत मीटरखाली धरा. ठोके जास्त आले तर घाबरू नका. दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. साधारण अर्ध्या-पाऊण तासाला आकडा निम्मा होत गेला आणि चार-पाच तासांत घरच्या पातळीवर आला, तर झाकणावर होती ती फक्त रेडॉनची अल्पायुषी संतती, आणि तुमच्या नमुन्यात रेडियम आहे हेही कळलं. आकडा खाली आलाच नाही, तर टिश्यूवर खनिजाचे कण आहेत. डबी गळते आहे किंवा चकत्या वेगाने सुटताहेत. टिश्यू प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून नमुन्याच्याच डबीशेजारी ठेवा. आकडा अजिबात वर गेला नाही, तर रेडॉन फार सुटत नाही. वर सांगितलेला तरुण नमुना असण्याकडे आणखी एक बोट.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, आणि संग्राहक मंडळी तो हसण्यावारी नेतात म्हणून स्पष्ट लिहितो. अणुऊर्जेच्या कायद्याखाली युरेनियमवर केंद्र सरकारचं नियंत्रण आहे. वारशाने आलेला दगड असला तरी तो विकायला काढू नका, कुरिअरने किंवा टपालाने पाठवू नका, परदेशातल्या संग्राहकाशी अदलाबदल तर विचारातही आणू नका. अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. अणु खनिज निदेशालयाचं हैदराबादला, आणि त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात. मंडळाला साध्या भाषेत पत्र लिहा, निदेशालयालाही प्रत पाठवा: वस्तू काय, कुठून आली असावी, वजन किती, डबीपासून किती अंतरावर मिनिटाला किती ठोके आणि घरात एरवी किती. पुढचा, पाठीचा आणि मोजपट्टीसह असे तीन फोटो जोडा. एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला द्यायची इच्छा असेल तर तेही पत्रातच लिहा, आणि उत्तर येईपर्यंत डबी वर सांगितलेल्या जागेवरून हलवू नका.